छोटा कॅमेरा दादासोबत पाठवते आहे

ठाणे
शनिवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसले. खाडीवर पक्ष्यांच्या कामाला होडीतून जाताना बाबांचा मोठा निकॉन नको, घरातला छोटा सोनी ने, असं मी परवा म्हटलं. तर तू "तो खेळणं आहे, अंधारात मोठाच लागतो. आई, तुला त्यातलं काही कळत नाही" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझ्या वयाच्या मुली आईला हे म्हणतातच, मीही तुझ्या आजीला म्हणायचे. पण स्वयंपाकातलं कळत नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं, तू कॅमेऱ्यातलं म्हणालीस. नौपाड्याच्या त्या गाळ्यात पासपोर्ट फोटो कापण्यापासून अल्बम लावण्यापर्यंत सगळं कोण करत होतं? बाबा लग्नाला जायचे, कार्ड आणून टेबलावर टाकायचे आणि झोपायचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढे नवरीच्या कपाळावरची चकाकी मी काढत बसायचे. बाबांच्या त्या निकॉन डी-७००ने काढलेला फोटो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो मी आजही वेगळा काढून दाखवीन. निदान संध्याकाळचे तरी.

असो. भांडायला नाही बसले.

झालं असं की शरूमावशीने मला तो फोटो पाठवला. तुझ्या ऑफिसातल्या मुलीने स्टेटसला ठेवलेला. होडीच्या पुढच्या टोकाला तू उभी, मागे कांदळवन, आणि गळ्यात बाबांचा कॅमेरा, तोही ३०० मिलिमीटरची लांब लेन्स लावलेला. शरूमावशीने खाली लिहिलं होतं, "आपली मनू किती गोड दिसतेय." मी बोटांनी मोठा करून करून बघितला. तुझ्या अंगात लाइफ जॅकेट नाही. तुझ्यामागे नाखवा बसलाय, त्याच्याही अंगात नाही, पण त्याचा जन्म खाडीवरचा. तुला पोहता येत नाही, मनू. महापालिकेच्या तलावात नाकातोंडात पाणी गेलं, तिसरीत, आणि तू जी बाहेर आलीस ती परत पाण्यात उतरली नाहीस. बाबा म्हणाले, जाऊ दे, रडतेय. मी म्हणत होते की पाठवू या.

पोहण्याचं आता पुन्हा काढणार नाही.

कॅमेऱ्याचं बोलू. दिवाळीत तू आली होतीस तेव्हा दोन्ही कॅमेरे घरात होते. तू मैत्रिणींबरोबर तलावपाळीला गेलीस तेव्हा मी काय उद्योग केला ते तुला सांगितलं नव्हतं. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर ती घार बसते ना, तिचे दोन्हीने फोटो काढले, आधी दुपारी आणि मग दिवे लागायच्या वेळी. नंतर १२ बाय १८चे प्रिंट करून आणले आणि बाबांपुढे ठेवले, मागे काही न लिहिता. दुपारच्या दोन प्रिंटांतला एक उचलून बाबा म्हणाले, "हा बघ, हा माझा." तो सोनीचा होता. बाबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. दिवेलागणीचे प्रिंट मात्र बघायचीही गरज नव्हती. सोनीच्या प्रिंटमध्ये घारीच्या छातीवरची पिसं गेली होती, नुसता तपकिरी लगदा. निकॉनमध्ये दाणे होते, पण त्या दाण्यांतून पीस न् पीस दिसत होतं.

यामागे काही जादू नाही. बाबांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर आपल्या जुन्या निगेटिव्हच्या एका चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटर. छोट्याचा १३.२ बाय ८.८, म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर साडेसातपटीच्या आसपास फरक पडतो. वर छोट्याची लेन्स पूर्ण लांब केली की एफ-४.५वर जाते आणि ३००ची एफ-४ला उघडते, म्हणजे जास्त उजेड आत घेते. पहाटेच्या उजेडात तो फरक कसा भरून निघणार? तू म्हणतेस ते मला मान्य आहे. छोटा, म्हणजे सोनीचा आरएक्स-१०० मार्क सात, २०१९चा आणि डी-७०० २००८चा, एवढं वय मधे असूनही अंधारात म्हातारा जिंकतो.

पण तू छोट्याला खेळणं म्हणतेस ते मला पटत नाही. त्याची झूम २००ला संपते म्हणून ना? डी-७००चा फोटो ४२५६ पिक्सेल रुंद, सोनीचा ५४७२. त्यामुळे मोठ्याने ३००वर जो फ्लेमिंगो ७०० पिक्सेल उंच येतो तो छोट्याने २००वर ६०० येतो. एवढ्याशा फरकासाठी तू गळ्यात अडीच किलो बांधून होडीत उभी राहतेस. कॅमेरा ९९५ ग्रॅम, वर बॅटरी, वर दीड किलोच्या आसपासची लेन्स. सोनी सगळा मिळून ३०२ ग्रॅम. थवा उडतो तेव्हा मोठा सेकंदाला ५ फोटो काढतो आणि छोटा २०. त्याचा पडदा वर वळतो, म्हणजे होडीत खाली बसून, कॅमेरा काठाशी पाण्यालगत धरूनही तुला फोटो काढता येईल. उभं राहायला नको. मी पुन्हा लिहिते, उभं राहायला नको. आणि व्हिडिओ? बाबांच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ नाहीच, ठाऊक आहे तुला.

सकाळी आठच्या पुढे, ऊन वर आल्यावर, तुमच्या अहवालातल्या पानभर फोटोसाठी कोणीही फरक सांगू शकणार नाही. बाबांनाच सांगता आला नाही.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आईने लेक्चर दिलं. दिलं खरं. रागावू नकोस. आमच्या काउंटरवर सोळा-सतरा वर्षांची मुलं यायची, बापाकडून पैसे घेऊन, "काका, कोणता कॅमेरा घेऊ?" विचारायला. बाबा नेहमी मोठा सांगायचे. बाबा आत गेले की मी त्यांना छोटा सांगायचे. पहिल्यापासून आमचं असंच.

तुझा तो फोटो काउंटरवर काचेखाली ठेवलाय, सांगितलं का तुला? ऐरोलीच्या पुलाच्या अलीकडे फ्लेमिंगो उठतायत तो. पुलावरचे दिवे अजून चालू आहेत आणि पंखांखालचा गुलाबी तेवढा उजळलाय. लाइट बिलाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसालाही मी तो दाखवते. म्हणते, मुलीने काढलाय. लोकांना वाटतं कॅलेंडरचा आहे. तो छोट्याने निघाला नसता. आयएसओ बघितला मी, म्हणजे अंधारासाठी कॅमेरा किती ताणलाय तो आकडा, ६४०० होता. एवढं खोटं मला बोलता येणार नाही, तुला घाबरवायला सुद्धा.

आणि तो फोटो तू जेट्टीवरून काढला होतास. म्हणजे जमिनीवरून.

आता जे खरं लिहायचंय ते लिहिते, नाहीतर पान संपेल. २००५च्या २६ जुलैला तू लहान होतीस, तुला पाऊस आठवत असेल, बाकी नाही. बाबा ऐरोलीला एका कारखान्यात यंत्रांचे फोटो काढायला गेले होते. तेव्हा त्यांच्याकडे डी-७० होता, पहिला डिजिटल, कर्जावर घेतलेला. गाड्या बंद, फोन बंद. रात्रभर मी दारात आणि तू माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते अनवाणी. कोपरं सोललेली. ऐरोलीहून चालत निघाले होते, विटाव्याच्या पुलाखाली छातीपर्यंत पाणी. आणि बॅग डोक्यावर. दोन्ही हातांनी धरलेली. मी विचारलं, हात मोकळे नव्हते तर तोल गेला असता तर? तर म्हणाले, "अगं, कोरडा आहे, बघ तरी." बॅग उघडून दाखवली मला. आत खरंच थेंब नव्हता. मला त्या कॅमेऱ्याचा इतका राग आला होता की कॅमेरा विकला तेव्हाच तो राग गेला.

पण बाबा वेंगुर्ल्याच्या विहिरीत पोहायला शिकलेत. पाण्यात पडले असते तर बॅग सोडून पोहले असते, असं मी स्वतःला समजावते. सोडली असती का, ते विचारलं नाही कधी.

तू त्यांचीच आहेस. होडी कलली तर तू आधी कॅमेरा वर धरशील. मला दिसतं ते. उजव्या बाजूचं रबर फुगून सुटलंय आणि बाबांनी फेव्हिक्विकने तीनतीनदा चिकटवलंय, त्यांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झालीय, तो कॅमेरा तू पाण्यात जाऊ देणार नाहीस. त्याच्या शटरची चाचणी दीड लाख फोटोंपर्यंत झालेली असते, तो आकडा बाबांनी लग्नांमध्येच कधीच ओलांडला, तरी शटर चालू आहे, म्हणून तर तुझा जास्तच जीव. छोट्यावर तुझा जीव नाही. म्हणून तो पाठवते आहे. हातातून सुटला तर सुटू दे. खाऱ्या पाण्यात गेला तर संपलाच, त्याला ना सील ना काही, लेन्स आत-बाहेर होते त्या फटीतून पाणी सरळ आत जाणार. जाऊ दे. मी एक शब्द विचारणार नाही.

मोठ्याला सीलिंग आहे असं बाबा मधूनच ओरडून सांगतायत. कंपनीने पावसाच्या सरीसाठी केलंय ते, खाडीत बुडवायला नाही.

आणि तुमच्या खाडीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो म्हणून तर ते पक्षी तिथे येतात, हे तूच मला शिकवलंस. त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो. २०१५ला अभयारण्य झालं, २०२२ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, पेपरात फोटो आले, सगळं छान. चिखल तोच आहे. पर्यटकांच्या बोटीत जॅकेट देतात, मग तुमच्या प्रकल्पाच्या लोकांना मच्छीमारांच्या होडीतून जाताना कोणी का देत नाही? हे मी तुमच्या मॅडमना फोन करून विचारणार होते. दादाने फोन हातातून काढून घेतला. म्हणाला, "आई, ती अठ्ठावीस वर्षांची आहे." मला माहीत आहे ती किती वर्षांची आहे.

बरं. पुन्हा पोहण्यावर आलेच मी. हे शेवटचं.

मोठा कॅमेरा दादाबरोबर परत पाठवू नकोस. बाबा म्हणाले तुझ्याजवळच राहू दे, आणि मलाही ते बरं वाटलं, घरात कपाटात बुरशी धरण्यापेक्षा. जमिनीवर तो वापर. पहाटे जेट्टीवर, सीवूड्सच्या तळ्यावर, जिथे पाय घट्ट आहेत तिथे. होडीत छोटा. एवढंच मागते. आणि होडीत एखाद दिवशी मोठाच हवा असं वाटलं, थवा अगदी अंधारात उठतो म्हणून, तर अंगात जॅकेट आणि खाली बसून. गळ्यात नको.

पिशवीत काय काय आहे ते लिहिते, दादा अर्धं विसरतो. सोनी, त्याचा चार्जर, दोन जास्तीच्या बॅटऱ्या. त्याची बॅटरी अडीचशे-पावणेतीनशे फोटोंत मान टाकते, तुला मोठ्याच्या हजारची सवय आहे, म्हणून आधी सांगते. हवाबंद डबा आहे त्यात सिलिका जेलच्या पुड्या. खाडीवरून आलीस की कोरड्या फडक्याने पुसून कॅमेरा त्यातच ठेवायचा, टेबलावर नाही. स्टीलच्या डब्यात नाचणीचे लाडू, ते ऑफिसात वाटून टाकू नकोस. नाखव्यांना दोन दे.

आणि काळ्या पिशवीत मोठ्यासाठी नवा पट्टा. जांभळी नाक्यावरून शिवून घेतलेला चामड्याचा तो काढून टाक, तो गळ्यातून लवकर निघत नाही. याला मधे बक्कल आहे, चिमटलं की सुटतं. मी इथे करून बघितलं, ओल्या हातांनीसुद्धा. उजव्या हातात काहीतरी धरलेलं असणार, तेव्हा डाव्याने उघडायची सवय कर. दादा असेपर्यंतच बसवून घे आणि त्याच्यासमोर उघडून दाखव. मी त्याला विचारणार आहे.

तुझी
आई