देखभालीचा इतिहास जहाजाबरोबर जावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बोटीवरच्या नोकऱ्यांविषयी आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी आवर्जून वाचतो. खानापूर, निपाणी आणि बेळगाव परिसरातली अनेक मुले आज जहाजांच्या इंजिन रूममध्ये काम करतात, त्यामुळे प्रशिक्षण, परीक्षा आणि पगार यांची माहिती देणे योग्यच आहे. परंतु त्या मुलांचा बराच वेळ ज्या कामात जातो, त्या देखभालीच्या नोंदींविषयी कुठेच काही लिहिले जात नाही. मी आयुष्याची बरीच वर्षे त्याच कामात घालवली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

जहाजाच्या नोंदी आणि देखभाल सांभाळण्यासाठी इंटरनेटवरून सेवा देणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच झाल्या आहेत. कोणत्या यंत्राचे किती तास भरले, कोणता स्पेअर शिल्लक आहे, कोणत्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते, पुढचा सर्व्हे कधी आहे, ही सगळी माहिती जहाजावर भरली जाते आणि उपग्रहामार्गे किनाऱ्यावरच्या कार्यालयाला दिसते. एक-दोनच जहाजे असलेल्या मालकाला स्वतःचा संगणक विभाग परवडत नाही. वर्षाची वर्गणी भरून त्याला मोठ्या कंपनीसारखी शिस्त ठेवता येते. या सेवांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांत एक मोठी उणीव राहून गेली आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वी नुकत्याच विकल्या गेलेल्या एका मालवाहू जहाजावर मी सेकंड इंजिनीअर म्हणून रुजू झालो. जुन्या मालकाने आपला संगणक आणि फायली उतरवून नेल्या होत्या. तीन जनरेटरांपैकी एकाच्या कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट शेवटचे कधी बदलले, हे सांगणारा एकही कागद जहाजावर नव्हता. हे बोल्ट दिसायला कितीही चांगले असले तरी इंजिन बनवणाऱ्याने ठरवून दिलेले तास भरले की बदलावेच लागतात, कारण धातूला आलेला थकवा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि चालत्या इंजिनात असा एक बोल्ट तुटला तर रॉड क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, फोडून बाहेर येऊ शकतो. शेजारी माणूस उभा असेल तर त्याची धडगत नसते. आम्ही तो जनरेटर बंद ठेवला, नवे बोल्ट मागवले आणि ते येईपर्यंत अकरा दिवस बंदरात शिरताना आणि निघताना हाताशी राखीव जनरेटर नसतानाच काम केले. काढलेले बोल्ट कदाचित वर्षापूर्वीच बसवलेले असतील. ते सांगू शकणारी नोंद दुसऱ्याच्या कपाटात होती.

जहाजाची ओळख जपण्याबाबत जगाने फार काटेकोर नियम केले आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) योजनेतून जहाजाला मिळणारा सात आकडी आयएमओ क्रमांक नाव, ध्वज किंवा मालक बदलला तरी बदलत नाही. जुलै 2004 पासून या सगळ्या बदलांची सलग नोंद जहाजावरच ठेवावी लागते आणि विक्रीनंतरही ती तिथेच राहते. 1987 मध्ये ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दार उघडे राहिल्यामुळे उलटली आणि 193 माणसे गेली. त्यानंतर 1993 मध्ये जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आयएसएम संहिता स्वीकारली गेली आणि तिच्या दहाव्या कलमाने देखभालीची जबाबदारी आणि तिच्या नोंदी कंपनीवर सोपवल्या. अडचण नेमकी इथेच आहे. नोंदी कंपनीच्या ठरल्या, म्हणून कंपनी बदलली की त्या तुटतात. क्लासकडे, म्हणजे जहाजाची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे, सर्व्हेचा इतिहास असतो, पण यंत्रांच्या रोजच्या कामाचा सगळा तपशील त्यात नसतो. ऑनलाइन सेवेत तर वर्गणी थांबली की खातेच बंद होते आणि पंधरा-वीस वर्षांचा इतिहास एका दिवसात हाताबाहेर जातो.

बेळगावच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. माल कितीही हातांतून गेला तरी तो कोणत्या दिवशीच्या वितळणीतला, हे त्यावरून काढता येते. जहाजाच्या यंत्रांनाही हाच न्याय लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. देखभालीचा इतिहास आयएमओ क्रमांकाशी जोडलेला असावा, विक्रीच्या वेळी तो वाचता येईल अशा स्वरूपात नव्या मालकाला देणे सेवा देणाऱ्यावर बंधनकारक असावे आणि त्याची एक पूर्ण प्रत जहाजावरच राहावी.

नोंद खरी असणे हाही याच प्रश्नाचा भाग आहे. मुदत उलटलेली कामे संगणकावर लाल दिसतात आणि महिनाअखेरीस ‘लाल ओळी कमी करा’ असा कार्यालयाचा निरोप येतो. पहिल्याच बोटीवरचा विशीतला मुलगा अशा वेळी न झालेल्या कामावर टिक मारतो. हे मी पाहिले आहे आणि ते थांबवायला मी कमी पडलो, याची खंत मला आजही आहे. चांगल्या सेवेत हे पकडता येते. बोल्ट बदलल्याची नोंद झाली आणि स्टोअरमधल्या साठ्यातून एकही बोल्ट कमी झाला नाही, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवताच विसंगती उघड होते. अशी तपासणी प्रत्येक सेवेत असायला हवी आणि काम उशिरा झाल्याचे खरे कारण लिहिणाऱ्या मुलाला बोलणी बसता कामा नयेत.

जहाजाची अवस्था हा केवळ मालकाचा खासगी व्यवहार नाही. 2006 च्या मे महिन्याअखेरीस ‘ओशन सेराया’ हे जहाज कारवारजवळ खडकावर चढले आणि त्यातले तेल थेट गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. तो अपघात देखभालीअभावी झाला असे मला सुचवायचे नाही. परंतु जहाजाचे काही बिघडले की त्याची झळ किनाऱ्यावरच्या माणसाला कशी बसते, हे कारवारकरांनी अनुभवले आहे.

कारवारच्या मासेमारी बोटींची नोंदणी आणि परवाने आता केंद्राच्या ‘रियलक्राफ्ट’ पोर्टलवर होतात, तिथे इंजिनच्या देखभालीची नोंद ठेवण्याचीही सोय व्हावी, अशी माझी मत्स्य विभागाला विनंती आहे. तोपर्यंत 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात इंजिने उघडली जातात, तेव्हा मेकॅनिकने इंजिनचा नंबर, भरलेले तास आणि बदललेले भाग एका वहीत लिहावेत आणि ती वही बोट विकली तरी बोटीतच राहू द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, टिळकवाडी, बेळगाव