उजनी धरणाकाठच्या तुमच्या रिसॉर्टवरील ‘फॅमिली प्लस’ वीकएंडबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते.

संदर्भ : तुमच्या प्रतिनिधीशी आज दुपारी झालेलं बोलणं. ‘गुणवत्तेसाठी’ त्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. आधी ते ऐका, मग हे वाचा.

महोदय,

आत्ताच फोन ठेवला. ठेवला म्हणजे तिकडूनच कट झाला.

‘फॅमिली प्लस’मध्ये काय काय येतं हे मी तुम्हाला सांगायला नको, पत्रक तुम्हीच छापलंय. आगटीवरचा, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला हुरडा, डोळ्यांदेखत जाळ्यातून काढलेली मासळी, चुलीवरची मालदांडी ज्वारीची भाकरी, काळं मटण, पहाटे होडीतून रोहित पक्षी, आणि पळसदेवचं ‘पाण्यातून वर आलेलं’ मंदिर. माणशी 4,200 रुपये. आम्ही सहा जण, म्हणजे 25,200. वर ‘लाइव्ह काउंटर’चे 900 वेगळे. हे लाइव्ह काउंटर नेमकं कुठे होतं ते कळलं तर बरं होईल, कारण आम्हाला ते दिसलं नाही.

ठाण्याहून बहीण आणि भाऊजी खास हुरड्यासाठी आले होते. आमचे भाऊजी कुठल्याही गोष्टीला चटकन चांगलं म्हणत नाहीत. आमच्या ओळखीतल्या कुणाच्याही रानात बसून फुकटात पोटभर हुरडा खाता आला असता. पण आईचे गुडघे दुखतात, रानात तिला नीट बसायला होत नाही, संडास-बाथरूमची सोय लागते, म्हणून तुमच्याकडे आलो. पैसे सोयीचे आणि चवीचे दिले. सोय मिळाली, पलंग चांगले होते, गरम पाणी होतं. ते नाकारत नाही.

आता हुरडा. संध्याकाळी पाच वाजता यायचा होता, आला पावणेसातला. स्टीलच्या वाटीत. वर चाट मसाला आणि कोथिंबीर. एका वाटीत मक्याचे दाणेही सापडले. पांढरी उंच टोपी घातलेला तुमचा माणूस म्हणाला, ‘फ्रोजन असतो ना सर, पॅनमध्ये परतून देतो, हायजिनिक.’ बाहेर शेकोटी पेटवलेली होती, ती फोटोसाठी. तिच्यात गॅसची नळी होती हे माझ्या पुतण्याने शोधून काढलं.

कणीस गोवरीच्या निखाऱ्यात खुपसायचं, भाजलं की तिथल्या तिथे चोळायचं, चोळणाऱ्याचे तळवे पोळायचे आणि आपल्या हातावर दाणे पडायचे, याला हुरडा म्हणतात. ज्वारी सुरती असेल, गुळभेंडी असेल, पण दाणा दुधात, कोवळा पाहिजे आणि तोंडात जाईपर्यंत गरम पाहिजे. गार झाला की चिवट होतो. तुमचा तर आधी बर्फात होता, मग पॅनमध्ये, मग वाटीत. आईने चमच्याने दोन दाणे उचलले, चावले आणि वाटी बाजूला सारली. ‘ह्याला हुरडा म्हनत्यात व्हय रं?’ एवढंच बोलली. भाऊजी काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणात तर तुमच्या स्वयंपाकघराने कळस केला. ‘लेक कॅच ऑफ द डे’ म्हणून ताटात आली सुरमई. साहेब, सुरमई समुद्रात असते. उजनीत चिलापी आहे, कटला, रोहू आहे, वाम आहे, नशीब असेल तर मरळ. भिगवणला, टेंभुर्णीला हायवेवरच्या साध्या खानावळीत सुद्धा चिलापी कुरकुरीत तळून मिळते, आणि ती धरणातलीच असते. तुमच्या कुंपणापलीकडे कोळ्यांच्या होड्या उभ्या होत्या, आमच्या खोलीतून दिसत होत्या. त्या सोडून तुम्ही मासा मागवला समुद्राचा. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. काळं मटण ‘आज संपलं’. शनिवारी रात्री, आठ वाजता, आगाऊ बुकिंग असताना.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. वाढणाऱ्या पोरानेच सांगितलं की हा तुमच्या कोकणातल्या रिसॉर्टचा मेनू आहे, शेफही तिकडचाच. आम्ही त्या ठिकाणी राहून आलोय. तिथली सुरमई अजून आठवते. त्या आठवणीवरच विसंबून हे बुकिंग केलं. पण ती सुरमई तिकडेच राहू द्या ना! मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तुमच्या पत्रकावर ते मोठ्या अक्षरांत छापलंय, आणि ताटात तांदूळ. मागितल्यावर ज्वारीची भाकरी आली ती पुडक्यातली कडक भाकरी. पुडक्यावर पत्ता सोलापूरचा. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. म्हणजे आम्ही शंभर किलोमीटर गाडी चालवून आमच्याच गल्लीतली भाकरी तिप्पट पैसे मोजून खाल्ली.

होडीबद्दल थोडक्यात. पहाटेची होडी साडेनऊला निघाली. चालवणाऱ्याने मोटर फुल्ल ठेवून थेट पक्ष्यांच्या अंगावर घातली, थवा उठला आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसला. ‘बघितले ना? चला परत.’ झालं. मंदिराबद्दल विचारलं तर तो खरं बोलला, ‘ते आता कुठं दिसतंय, पाण्यात हाय.’ बरोबरच आहे. धरण खाली जातं उन्हाळ्यात, पळसदेवचं मंदिर उघडं पडतं तेव्हा. हुरडा असतो थंडीत. हे दोन्ही एकाच शनिवार-रविवारी दाखवतो म्हणणाऱ्याने धरण कधी पाहिलंय का, असा प्रश्न पडतो. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी त्याच धरणाचं आहे. सोलापुरात माणूस सकाळी पेपर उघडला की आधी उजनी किती टक्के ते बघतो. आम्हाला तरी हे सांगू नका.

हे सगळं मी मेलने कळवलं. उत्तर आलं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे.’ मग फोन. मग आजचा फोन. तो जसाच्या तसा लिहितोय, कारण तुमच्या फायलीत तो एका ओळीत उरकला जाईल.

प्रतिनिधी म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये हुरडा सर्व्ह्ड दाखवतंय.’

मी म्हटलं, वाटीत आला होता, फ्रोजन होता, मका होता.

‘ओके सर. एक विचारू का? याआधी तुम्ही हुरडा ट्राय केलाय?’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय?

‘नाही, म्हणजे पहिल्यांदा खाणाऱ्यांना टेक्स्चर थोडं वेगळं वाटतं सर.’

म्हटलं, खाल्लाय.

‘कुठे सर?’

सोलापुरात.

‘अच्छा. सर, सिटीमध्ये मिळतो तो वेगळा असतो. आमचा ऑथेंटिक व्हिलेज स्टाइल आहे. गावाकडची चव डेव्हलप व्हायला थोडा वेळ लागतो.’

मी काहीच बोललो नाही. रागाने नाही, खरोखर शब्द सुचेनात. त्याला वाटलं मला पटलं. म्हणून तो पुढे समजावून सांगू लागला की हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे दाणे असतात, ज्वारी हे एक मिलेट आहे आणि ते पचायला हलकं असतं. मी आगटी कुठे होती विचारलं. ‘आगटी म्हणजे सर? बार्बेक्यू का?’ मग गाणं लागलं. बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला, ‘सर, तुमची तक्रार मी टेस्ट प्रेफरन्समध्ये नोंदवली आहे. त्यात रिफंड नसतो.’

टेस्ट प्रेफरन्स! म्हणजे दोष हुरड्यात नाही, माझ्या जिभेत आहे.

साहेब, फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आई बसली होती. तिचं माहेर करमाळा तालुक्यात, भीमेच्या अगदी काठाला. धरण 1980 साली पूर्ण झालं, तिचं जुनं गाव पाण्यात गेलं. तिच्या वडिलांचं ज्वारीचं रान आज त्याच पाण्याच्या तळाशी आहे, ज्यावर तुम्ही साडेनऊची पहाटेची होडी फिरवता. तिला तुमचा पोरगा ज्वारी म्हणजे काय ते शिकवत होता. ती हसली. मला हसू आलं नाही. त्या पोराचा दोष नाही हे मला कळतं, त्याला समोर लिहून दिलेलं तो वाचतो. ते लिहून देणारा कोण आहे? त्याने एकदा मंगळवेढ्याच्या रानात जाऊन यावं. भाडं मी देतो.

शेवटी त्याने ‘सदिच्छा म्हणून’ पुढच्या हुरडा पार्टीवर वीस टक्के सूट देणारं कूपन पाठवलं. मुदत जून ते सप्टेंबर. रब्बीची ज्वारी तेव्हा जेमतेम पेरायला घेतात. की तुमच्या फ्रीजला ऋतू नसतात?

पुन्हा सांगतो, हुरडा फ्रोजन होता, वाटीत होता, आणि त्याचे आगटीचे पैसे घेतले गेले. हे चवीचं प्रकरण नाही. जे छापलं ते दिलं नाही, असं हे प्रकरण आहे.

आता माझं म्हणणं. जेवणाचे आणि होडीचे पैसे परत करा, लाइव्ह काउंटरचे 900 पूर्ण परत करा. राहण्याचे ठेवून घ्या. पत्रकातून मंदिराचा फोटो काढा, निदान हुरड्याच्या पानावरून तरी. आणि आईला लेखी माफीचं पत्र पाठवा, मराठीत, सही करून. ‘अभिप्राय मौल्यवान’ हे शब्द त्यात नकोत.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं मुख्यालय कुठेही असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच करतोय. पत्रक, तुमचे मेल, वाटीचा फोटो, गॅसच्या नळीचा फोटो, सगळं जपून ठेवलंय. शिवाय खाण्याच्या बिलावर अन्न परवान्याचा क्रमांक छापावा लागतो. तुमच्या बिलावर तो दिसत नाही. भिंग लावूनही पाहिला. तेवढं अन्न व औषध प्रशासनाला विचारून घेईन म्हणतो.

आणि सोलापुरात माणूस पैशाचं विसरतो, जेवणाचं विसरत नाही. लग्नात वाढपी कुठे चुकला हे इथे वीस वर्षांनी सांगतात. आमचे नातेवाईक, सोसायटी, भजनी मंडळ, सगळ्यांना सांगून झालंय. भाऊजी ठाण्यात सांगतायत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

मला फोन करू नका. जे असेल ते लिहून पाठवा.

बुकिंग ज्याच्या नावावर आहे तोच,
होटगी रोड, सोलापूर

ता. क. : आईचा स्टीलचा डबा तुमच्या किचनमध्ये राहिलाय, झाकणावर नाव कोरलेलं आहे. त्यात घरची शेंगा चटणी होती. रविवारी सकाळी ती पलीकडच्या टेबलावर ‘आमची स्पेशल चटणी’ म्हणून वाढताना मी पाहिली. तुमच्याकडची तेवढी एकच गोष्ट लोकांनी मागून खाल्ली. चटणी संपली असेल, डबा कुरिअरने पाठवा. खर्च तुमचा.