गेंडा वाचला कसा, ते मुलांना सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबरला जागतिक गेंडा दिन असतो, त्या दिवशी बऱ्याच शाळांत 'गेंडा वाचवा' अशी पोस्टर्स करून घेतात, मुलं मन लावून रंगवतात, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात आणि विषय संपतो. मी पाचवी-सहावीला शिकवते आणि मला खरंच वाटतं की एवढ्यानं मुलांच्या हाती काही लागत नाही. आपला एकशिंगी गेंडा संपता संपता वाचलाय, तो कोणी वाचवला आणि त्यासाठी काय काय करावं लागलं हे सांगायला हवं ना, तेच राहून जातं.

मुलांना आधी हे सांगा की गेंडा फक्त आसामचा नव्हता. बाबरानं पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केली होती. आणि आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत हजारो वर्षं जुन्या धातूच्या चार वस्तू सापडल्या, बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि चौथी वस्तू म्हणजे गेंडा! प्रवरेकाठी गेंडा सापडला म्हटल्यावर मुलं कशी कान टवकारतात ते कुठल्याही शिक्षकानं करून बघावं.

मग तो गेला कुठे? गवताळ रानं तोडून शेती झाली, चहाचे मळे झाले, आणि शिकार तर भयंकर, बंगालमधल्या कूचबिहार संस्थानाच्या एकट्या महाराजांच्या नावावर १८७१ ते १९०७ मध्ये २०७ गेंडे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसामातल्या काझीरंगात जेमतेम डझनभर उरले असं सांगतात. १९०८ ला ते राखीव जंगल झालं, १९७४ ला राष्ट्रीय उद्यान, आणि २०२२ च्या गणतीत तिथे २६१३ गेंडे निघाले. यात गणितही आहे बघा. मादी सोळा महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू, पुढचं व्हायला आणखी दोन-तीन वर्षं. मग बारावरून अडीच हजारांवर जायला किती पिढ्या लागल्या असतील, आणि त्या सगळ्या वर्षांत रात्री-अपरात्री, पुरात, चिखलात कॅम्पवर पहारा देणारे वनरक्षक किती असतील? त्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा आपण मुलांना सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शिंगाचंही नीट सांगायला हवं. ते केराटिनचं असतं, आपली नखं-केस ज्याचे तेच, पण औषध समजून लोक त्यासाठी लाखो रुपये मोजतात म्हणून गेंडे मारले जातात. २०२१ साली आसाम सरकारनं काझीरंगाजवळच्या बोकाखातला साठवलेली २४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. का जाळली, विकून पैसे का नाही घेतले, यावर वर्गात चर्चा घ्या, मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं बोलतात.

आणि सगळं गोड गोड करून सांगू नका प्लीज. आसामातल्याच मानसच्या जंगलात बोडो आंदोलनाच्या अशांत काळात गेंडे साफ संपले होते, २००८ पासून दुसरीकडून आणून परत सोडावे लागले. जगात हे गेंडे चार हजारांच्या आसपास आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या काझीरंगात, उद्या तिथे रोगाची साथ आली तर? ब्रह्मपुत्रेचा पूर आला की जनावरं हायवे ओलांडून कार्बी टेकड्यांकडे पळतात, म्हणून तेव्हा गाड्यांना टाइम कार्ड (आत शिरल्याची वेळ लिहिलेलं कार्ड) देऊन स्पीडवर लक्ष ठेवतात, पण तोच पूर आला नाही तर गेंडे ज्यावर जगतात ते गवतही टिकणार नाही. उद्यान वाढवताना आसपासच्या लोकांची चराई, मासेमारी बंद झाली, काहींची घरं पाडली गेली, हे आठवी-नववीच्या मुलांना कळलंच पाहिजे, त्यांना ते झेपतं.

आपल्या पेपरची मुलांची पुरवणी आमच्या शाळेत हातोहात फिरते, म्हणून विनंती आहे की गेंड्यावर एक अख्खं पान द्या. पूर्वी गेंडा कुठे कुठे होता आणि आता कुठे आहे असे दोन नकाशे, दायमाबादच्या गेंड्याचा फोटो आणि एखाद्या वनरक्षकाची मुलाखत एवढं जरी असलं तरी चालेल. फक्त ऑगस्टमध्येच द्या, म्हणजे पोस्टर करायच्या आधी आम्हाला वर्गात वाचून घेता येईल.

आपली,
एक शिक्षिका, सातारा