दिल्या, अभिच्या पायाबद्दल

कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय दिल्या,

आधी शिव्या घालून घे. तुझे दोन फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो. माझी साखर आहे तशीच आहे, सुमनचे गुडघे आहेत तसेच. तब्येतीचा विषय संपला.

आमच्या अभिचा पाय जुळेना. सप्टेंबरात लेहच्या वर गाडी घसरली आणि नडगी मोडली, हे तुला बंड्याकडून कळलंच असणार. बंड्याच्या पोटात तीळ भिजत नाही. तेव्हा रॉड घातला. नऊ महिने झाले तरी एक्स-रेत मधली काळी फट तशीच. आता गुरुवारी पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पुन्हा ऑपरेशन. फट खरवडायची, त्याच्याच कमरेच्या हाडातला गर काढून भरायचा, आणि तो पुरणार नाही म्हणून सोबत सिरॅमिकचे दाणे.

ते दाणे तिथल्या डॉक्टर, मेजर मॅडमनी मला दाखवले. कागदावर चार ओतले. पांढरे, साबुदाण्याएवढे, आकार मात्र वेडेवाकडे. मी खिशातलं भिंग काढलं (हो, अजून खिशातच असतं, हस लेका) आणि बघतो तर अंगभर भोकं.

पस्तीस वर्षं ओतकामात मी भोकांशी भांडतोय. पोरॉसिटी दिसली की लॉट परत. शिरोलीतून त्या वर्षी पंप हाऊसिंगचा अख्खा टेम्पो परत आला होता, तू साक्षीला होतास. आणि इथं ही बाई मला कौतुकानं सांगते, काका, भोकं हवीतच. निदान शंभर मायक्रॉनची, तीनशेच्या आसपास असली तर उत्तम, आणि एकमेकांत उघडणारी. त्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात, मागून हाडाच्या पेशी. भरीव गोळा ठेवला तर हाड बाहेरच थांबतं.

रात्री झोप येईना तेव्हा उजाडलं डोक्यात. हे कास्टिंग नव्हेच. हा वाळूचा साचा आहे. साच्याला पण श्वास लागतो, वायू निघून जायला वाट लागते. धातू धरेपर्यंत साचा उभा राहतो, मग आपण तो फोडून टाकतो. या दाण्यांचंही तसंच. त्यात दोन जाती. एक हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे हाडात मुळातच असतं ते खनिज. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. दुसरं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. ते विरघळत जातं आणि जागा हाडाला देतं. अभिला दोन्हींचं मिश्रण घालणार आहेत. फोडायला कोणी लागत नाही, शरीरच साचा खातं.

मग मी विचारलं, मॅडम, वर त्याच्या ड्युटीच्या जागी उणे चाळीस असतं. कडाक्याच्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं तडकतं. हा माल टिकेल का?

हसल्या. म्हणाल्या, काका, बाहेर काहीही असो, हाडाच्या आत सदतीसच्या आसपासच. थंडीचा त्रास माल पायात जायच्या आधी. दुसऱ्याचं दिलेलं हाड गोठवून ठेवायचं तर उणे सत्तर लागतं, ते डोंगरावर कुठून आणणार? कालवून भरायचं सिमेंट थंडीत लवकर धरत नाही आणि वाळवंटात हातातच दगड होतं. हे दाणे मात्र कोरडे, पाकीटबंद. उन्हात ठेवा, बर्फात ठेवा. दिलेलं हाडसुद्धा वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून साध्या कपाटात ठेवता येतं. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये ती टिशू बँक 1988 पासून आहे. आणि खरं कठीण ठिकाण म्हणाल तर शरीरच. खारट, ओलं, कोमट, आणि वर्षाला दहा लाखांच्या घरात पावलं.

त्यांनीच एक गोष्ट सांगितली, ती तुला आवडेल, तू एस्टीत कोणाशीही गप्पा मारत बसणारा. 1967 साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचा एक प्राध्यापक बसनं परिषदेला निघालेला. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल. प्राध्यापक सांगत होता, मी किरणोत्सर्गात टिकणारे पदार्थ बनवतो. कर्नल म्हणाला, मग माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवा की, आमच्या पोरांचे हातपाय कापावे लागतात. 1969 मध्ये यानं काच बनवली, उंदराच्या हाडात बसवली, तर ती हाडाला अशी चिकटली की उपटून निघेना. त्या काचेत काय, तर 45 टक्के सिलिका, साडेचोवीस चुना, साडेचोवीस सोडा आणि 6 टक्के फॉस्फरसचा ऑक्साइड. म्हणजे वाळू, चुना, सोडा! उद्यमनगरात उधारीवर मिळेल. आणि फॉस्फरस वाढला की आपलं ओतकाम ठिसूळ होतं म्हणून आपण बोंबलतो.

अभि तर भलताच खुशीत. मोबाइलवर दाखवत होता, 2019 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या लोकांनी अंतराळवीरांसाठी हाडाचे नमुने छापले, रक्तातल्या प्लाझ्माच्या शाईत हाडाचं सिमेंट मिसळून, आणि तेही उलटं छापून, का तर वजन नसलं तरी जमतंय हे बघायला. "पप्पा, बर्फ काय घेऊन बसलात, मंगळावर पण पाठवतील."

सगळे हसले. मीही हसलो.

दिल्या, आता खरं लिहितो. टिकेल का असं विचारलं ना, तेव्हा मला "नाही" ऐकायचं होतं. बाई एकेक गोष्ट सांगत होती आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता. कारण अभिनं आधीच सांगून ठेवलंय, हाड जुळलं, शेप-वन, म्हणजे लष्कराची पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी मिळाली, की परत वर. नाही जुळलं तर खाली कुठंतरी, स्टोअरला, ऑफिसला. लंगडेल. पण असेल.

बाप म्हणून हे कुणाला सांगू? सुमन अंबाबाईला रोज जाते, पाय जुळू दे म्हणून. मी बाहेर चपलांजवळ उभा राहतो. आत गेलो तर काय मागायचं, हा प्रश्न आहे.

तुला सांगतोय त्याला कारण आहे. तुझा पाय मोडला तेव्हा मी तुला दवाखान्यात न नेता गल्लीतल्या हाडवैद्याकडे नेलं. तू मागनं म्हणालास, "सुऱ्या, माझी कुस्ती सुटावी असं तुलाच वाटत होतं." मी तुझं डोकं फोडायला उठलो होतो, वस्ताद मध्ये पडले म्हणून वाचलास. सहा महिने बोललो नाही. आज सांगतो, निम्मं खरं होतं. वैद्याकडे नेलं ते पैसे नव्हते म्हणून. पण त्या आधीच्या महिन्यात खासबागेत त्या पठ्ठ्यानं तुला मानेवर घातलं होतं, आणि तू उठेपर्यंत मी किती आकडे मोजले ते मलाच ठाऊक. पाय वाकडा जुळला, तेव्हा मला रात्री शांत झोप लागली. हे पंचेचाळीस वर्षं बोललो नव्हतो. आता चिडायचं तर चीड.

तुझ्या वाकड्या पायाचा एक्स-रे अजून माझ्या माळ्यावर आहे. 1980 च्या ग्रहणाला आपण त्यातनंच सूर्य बघितला होता.

तुझं कसं चाललंय? निवृत्तीनंतर ठाण्यात करमतं का? पिंकीचं जमलं म्हणे, मुलगा सांगलीचा आहे एवढंच कळलं, चालतंय, सांगलीकरांना पण पोरी लागतात. वहिनींना नमस्कार सांग. यातलं सुमनच्या कानावर जाऊ देऊ नकोस, आणि बंड्याच्या तर मुळीच.

गुरुवारी सकाळी सातला त्याला आत नेणार. तीन-चार तास लागतील म्हणाले. सुमन पोथी वाचत बसेल, मला तिच्या शेजारी बसवणार नाही. तू ये. ठाण्याहून पहाटेची गाडी धर. काही बोलू नकोस, नुसता बस. खाली कँटीनमध्ये मिसळ मिळते. पुण्याची आहे, गोड असणार, तेवढं सोस.

तुझा,
सुऱ्या