काकांच्या लाल ८०० साठी

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. काकांची लाल मारुती ८०० भंगारात न काढता तू पुन्हा पासिंग करून घेतलीस, हे वाचून फार बरं वाटलं. गाडीचा रंग पार विटलाय, बॉनेटवर हात फिरवला तर खरखर लागते आणि तुमच्या तिकडचा पेंटर म्हणतो, 'मशीन मारून रबिंग-पॉलिश करून देतो, संध्याकाळी घेऊन जा.' सुधीर, नको देऊस. माझं ऐक, ही गाडी हातानेच कर.

कारण सांगतो. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहून बारीक. काकांची गाडी ९८ सालची. तिच्यावर तो थर मुळात आहे का, हे आधी बघ. दाराच्या खालच्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन घास. फडकं लाल झालं तर समज की वर काही नाही, तू थेट रंगच घासतोयस. आजवर तिला किती वेळा रबिंग झालं हे काकांनाही आठवणार नाही. मशीन धरणाऱ्याला ते कळत नाही. दाराच्या कडा आणि बॉनेटची धार, जिथे रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे जरा जास्त वेळ राहिलं की खालचा प्रायमर दिसलाच. हाताने एवढा रंग निघायला फार वेळ लागतो, आणि त्याआधी बोटांना कळतं.

पण पॉलिशच्या आधी धुणं आलं, आणि खरं काम तेच आहे. रोज सकाळी येणारा माणूस एका बादलीत फडकं बुडवून सगळी गाडी पुसतो ना, ते आधी बंद कर. त्याला दुसरं काही काम दे, पण बॉनेटला हात लावू देऊ नकोस. धुळीत बारीक रेती असते, फडक्याखाली ती रंगावरून फरफटत जाते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल-गोल वर्तुळं दिसतात ते हेच ओरखडे. ते गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळ दिसतं.

तर, गाडी सावलीत घे आणि पत्रा गार होऊ दे. नुसतं पाणी ओतून धूळ भिजव. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे गाडी धुण्याचा हातमोजा, टपावरून सुरू करून खाली आणायचा, सरळ रेषेत, न दाबता. एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण वापरू नकोस, तो गाडीवरचं वॅक्स उतरवतो. पाइपही लागत नाही. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, पंपाने चढवून आणतात. ते नाल्यात सोडायला माझं मन धजत नाही, आणि दोन बादल्या, एक मग एवढ्यात गाडी छान होते. तुझ्याकडे बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घे, नाहीतर पांढरे डाग पडतात. पडलेच तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून लाव आणि धुऊन टाक.

आता ती खरखर. धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून फिरव, कण न् कण लागेल. तुझं घर स्टेशनला लागून, तेव्हा त्यात रुळांवरची लोखंडाची धूळही असणार. त्याला क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी. सुपारीएवढा तुकडा चपटा कर, पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपड आणि नुसत्या बोटांच्या वजनाने सरकव. सुरुवातीला क्ले अडकतो, खर्र-खर्र आवाज करतो. चार-सहा फेऱ्यांत आवाज बसतो आणि तुकडा आपोआप घसरायला लागतो. हातातली ती अडखळ संपते तो क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. तुकडा उलटून बघ, करडी-तपकिरी घाण दिसेल. घडी घालून नवी बाजू घे. खाली पडला तर मात्र तो सरळ फेकून दे, रेती चिकटलेला क्ले म्हणजे पॉलिश पेपरच.

पॉलिश स्पंजवर वाटाण्याएवढं, एका वेळी दीड-दोन फुटांचा तुकडा, आधी उभं मग आडवं. काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लाव, पॉलिश तिथे पांढरं होऊन बसतं. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो हाताने जाणार नाही, त्याचा नाद सोड. खांदे भरून येतील. एका दिवशी बॉनेट आणि टप, बाकीचं दुसऱ्या रविवारी. शेवटी कार्नोबा वॅक्सचा अगदी पातळ हात. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, आपल्या उन्हात काही आठवडे टिकतं, मग पुन्हा लावायचं. सिरॅमिक कोटिंगचा विचार तूर्त नको, खालचे ओरखडे तसेच ठेवून वरून झाकण्यात काही अर्थ नाही.

आणि दसऱ्याला काकू बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, ते बंद करायला सांगू नकोस हं. वॅक्स असलं की ते वरच राहतं. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून ओल्या मायक्रोफायबरने हलकेच टिपून घे.

ग्वाल्हेरला क्ले मिळाला नाही तर कळव. माझा भाऊ पुढच्या महिन्यात लश्करला येतोय, त्याच्याबरोबर क्ले, दोन मिट आणि वॅक्सची अर्धी डबी पाठवतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश