अभिवाचकाबद्दलही लिहा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुस्तकांच्या पानावर हल्ली ऑडिओबुकचीही ओळख यायला लागलीये, त्याबद्दल आधी थँक्यू. पण एक गोष्ट दरवेळी खटकते म्हणून हे पत्र. कथानक सांगता, लेखकाबद्दल सांगता, किती तासांचं आहे तेही सांगता, आणि ज्या माणसाने ते सगळं आपल्याला वाचून दाखवलंय त्याच्याबद्दल अवाक्षर नाही, फार तर शेवटी कंसात नाव. पाककृतींचं किंवा शेअर मार्केटचं पुस्तक असेल तर एकवेळ चालेल हो. पण रहस्यकथा असेल, आणि त्यातही जुना वाडा, धुकं, कुलूपबंद खोली असली गॉथिक रहस्यकथा असेल, तर अभिवाचकाबद्दल न लिहिणं म्हणजे नाटकाचं परीक्षण लिहायचं आणि नटांचं नावच काढायचं नाही असं झालं.

नुकतीच अशी एक कादंबरी ऐकून संपवली. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे मला तिच्या रहस्याबद्दलच बोलायचंय आणि कोणाचा मजा घालवायचा नाहीये. समुद्राकाठच्या कड्यावर एक मोठं घर, घराची मालकीण विधवा, लायब्ररीतल्या पुस्तकांची यादी करायला एक तरुण मुलगी तिथे नोकरीला येते, वरचा मजला बंद, आणि मालकिणीचा दीर म्हणे बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात बुडून गेला. हे सगळं ती मुलगीच सांगते, म्हातारपणी, मागे वळून बघत. मसाला ओळखीचाच आहे, मी काही वेगळं आहे म्हणत नाही. पण वाचणाऱ्या बाईंनी जे केलं ते भारी होतं, म्हणजे खरं सांगायचं तर पहिले दोन तास त्यांनी काहीच केलं नाही! साधा, कोरडा, हिशेब सांगावा तसा आवाज. घर कसं होतं, जिना कुठे होता, घड्याळाला चावी कोण द्यायचं. एकही शब्द भीतीने रंगवलेला नाही. मला वाटलं कंटाळा येणार आता, आणि नेमकं तेव्हाच लक्षात आलं की मी प्रत्येक खोलीची नोंद ठेवायला लागलीये आणि काहीतरी बिनसलंय हे मला कळतंय पण काय ते कळत नाहीये.

खरी गोम इथेच आहे. वाचून दाखवणाऱ्याला शेवट माहीत असतो, गोष्टीतल्या माणसाला तो माहीत नसतो. अभिवाचकाने स्टुडिओत बसायच्या आधी पुस्तक संपवलेलं असतं (निदान संपवलेलं असावं अशी अपेक्षा), खुनी कोण ते त्याला ठाऊक असतं आणि तरी पहिल्या प्रकरणात त्या माणसाचं "या, बसा" हे वाक्य बाकी सगळ्यांच्या "या, बसा" सारखंच म्हणायचं असतं. बरेच जण इथे गडबडतात. खुन्याच्या तोंडची पहिलीच ओळ किंचित घोळवून, किंचित हसून म्हटली जाते आणि संपलं, पुढचे नऊ तास आपण नुसते वाट बघत बसतो की बाकीच्यांना कधी कळणार. छापील पुस्तकात लेखकाने कितीही लपवलं तरी कानाला ते अर्ध्या सेकंदात कळतं.

याहून अवघड म्हणजे एकच माणूस दोन नावांनी वावरतो ते प्रकरण. गॉथिकमध्ये हे कायम असतं, मेलेला भाऊ माळी बनून परत येतो, वगैरे. माझ्या या कादंबरीतही तेच होतं, घड्याळांना चावी द्यायला येणारा म्हातारा म्हणजे तोच बुडालेला दीर. आता कागदावर काही प्रॉब्लेम नाही, अवतरणचिन्हात शब्द असतात, आवाज ज्याचा त्याने कल्पायचा. मोठ्याने वाचताना काय करणार? दोघांना एकच आवाज दिला तर गुपित तिथेच फुटलं, आणि अगदी वेगळा दिला तर शेवटी ऐकणारा म्हणणार की ही तर फसवणूक आहे, हा त्याचा आवाजच नव्हता. बाईंनी यातून काढलेली वाट मला फार आवडली. त्यांनी कोणालाच आवाज काढला नाही. गोष्ट मुलगी सांगतेय ना, मग सगळ्यांचं बोलणं तिच्याच तोंडून येणार, आपण घरी दुसऱ्याचं बोलणं सांगतो तसं, थोडी ढब इकडची तिकडची, बास. त्यामुळे दीर आणि म्हातारा दोघेही तिच्याच आवाजात बोलतात आणि लपवाछपवी न करता गुपित शाबूत राहतं. आणि शेवटी जेव्हा कळतं तेव्हा मागचे संवाद आठवले तर त्या दोघांचीही वाक्यं शेवटाकडे जराशी खाली उतरायची हे डोक्यात लख्ख येतं. त्याची खूण होती, ती तिथेच होती, आपलंच लक्ष नव्हतं. आता मला सांगा, हे परीक्षणात यायला नको?

म्हणूनच मोठमोठी कलाकारांची फौज घेऊन केलेली रहस्य-ऑडिओबुकं मला जरा संशयास्पद वाटतात. ऐकायला झकास असतात, नाही म्हणत नाही, पण ज्येष्ठ नामवंत नट तीन मिनिटांच्या भूमिकेत कशाला घेतलाय हा विचार पहिल्या दहा मिनिटांतच येतो आणि उत्तरही येतं.

हे अवघड काम आजचं नाहीये बरं का. ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलती पुस्तकं सुरू झाली १९३५ मध्ये, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा विचार त्यामागे होता, आणि अगदी पहिल्या काही पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' होती. ज्यांनी ती वाचलीये त्यांना कळेल की मोठ्याने वाचायला याच्याइतकी कठीण कादंबरी शोधून सापडायची नाही. ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी मी गप्प बसते.

दुसरी तक्रार पार्श्वसंगीताची. दार करकरलं असं वाक्य येतं आणि लगेच मागे दार करकरतं. पाऊस पडत होता, की लगेच पाऊस. अहो वाचलंत ना आत्ता, ऐकलं आम्ही! १८व्या शतकात गॉथिक कादंबऱ्या लिहून प्रचंड गाजलेल्या अॅन रॅडक्लिफ बाईंचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला, त्यात त्यांनी दोन प्रकारची भीती वेगळी करून ठेवलीये. एक भीती अशी की काहीतरी आहे पण नीट दिसत नाही, तिने मन ताणलं जातं, जागं होतं. दुसरी अशी की भयानक गोष्ट थेट समोर आणून ठेवली, तिने मन आक्रसतं, गोठतं. आणि पहिलीसाठी अंधुकपणा, अनिश्चितता लागते असं त्यांचं म्हणणं. दोनशे वर्षं झाली, पण साउंड इफेक्टवाल्यांनी हा लेख वाचावा असं फार वाटतं. वरच्या मजल्यावर पावलं वाजली एवढंच कोणी शांतपणे सांगितलं तर ती पावलं माझ्या डोक्यात वाजतात, किती जड, चपला घातलेली की अनवाणी, हे मी ठरवते. रेकॉर्डेड पावलं वाजली की ठरवायचं काही उरत नाही, ती कुठल्यातरी साउंड लायब्ररीतली पावलं होतात आणि तीच पावलं मी मागच्या तीन गोष्टींत ऐकलेली असतात.

एकट्या आवाजाची ताकद किती असते याचा या साहित्यप्रकाराच्या इतिहासातच पुरावा आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी इंग्रज कवी बायरन आणि शेली, शेलीची प्रेयसी मेरी (पुढे मेरी शेली) आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी ही मंडळी जमली होती, आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे युरोपात तो उन्हाळा म्हणजे नुसता पाऊस आणि गारठा, बाहेर पडता येईना, म्हणून भुतांच्या जर्मन गोष्टींचं फ्रेंच भाषांतर वाचत बसायचे. त्यातूनच प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं आणि मेरीचं 'फ्रँकेन्स्टाइन' आलं, १८१८ मध्ये छापून. पण मला जास्त आवडतो तो पॉलिडोरीच्या डायरीतला प्रसंग. एका रात्री बायरनने कोलरिजच्या कवितेतल्या चेटकिणीच्या ओळी म्हणून दाखवल्या, सगळे गप्प झाले, आणि एकदम शेली किंचाळला, डोक्याला हात लावून, मेणबत्ती घेऊन खोलीबाहेर पळाला. ना व्हायोलिन, ना वादळाचा इफेक्ट. त्याच ओळी शेलीने स्वतः मनातल्या मनात वाचल्या असत्या तर पळाला असता का, मला शंका आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई ऑडिओवाल्यांची जाहिरात करतेय. रहस्यकथा ऐकताना मागे जाता येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणजे बटण असतं, तीस सेकंद मागे, पण पाचव्या प्रकरणात ते पत्र कोणत्या तारखेचं होतं हे शोधायचं तर कसं शोधणार? पुस्तकात आपल्याला आठवतं की डाव्या पानावर खाली होतं, ऑडिओत डावं पान नसतं. गंमत म्हणजे हे दुखणं ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतच आहे, १८९७ मध्ये. त्यातला डॉक्टर सेवर्ड आपली डायरी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या जुन्या यंत्रावर, बोलून ठेवतो, महिनोन्महिने, आणि मग त्याच्या लक्षात येतं की त्यातला एखादा नेमका भाग हवा असेल तर तो काढायचा कसा हेच त्याला माहीत नाही. सव्वाशे वर्षं होऊन गेली, डॉक्टरसाहेब, आम्ही पण तिथेच आहोत. पुढे त्याच कादंबरीतली मीना ती डायरी ऐकते आणि टाइप करून काढते, कारण त्या आवाजात डॉक्टरच्या मनातलं दुःख इतकं उघडं पडलंय की परत कोणी ते त्याच्या आवाजात ऐकू नये असं तिला वाटतं. शब्द तेच, पण कागदावर आले की जरा झाकले जातात. ऑडिओबुकची बाजू मांडायला माझ्याकडे याहून चांगला मुद्दा नाही, आणि तो चक्क गॉथिक कादंबरीनेच दिलाय.

अजून काही बारीकसारीक. घराचा नकाशा पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेला असतो, ऑडिओत तो गायब, मग पूर्वेची खोली आणि मागचा जिना यात गोंधळ ठरलेला. नावांच्या आद्याक्षरांवर किंवा हस्ताक्षरावर रहस्य असेल तर ऐकणारा बिचारा तसाच राहतो. प्रकरणांची नावं अॅपमध्ये एकाखाली एक दिसतात, आणि पुढच्या एखाद्या प्रकरणाचं नाव 'भावाचं परतणं' असलं काहीतरी असलं की झालं, आता काय ऐकायचं उरलं. आणि किती मिनिटं शिल्लक आहेत हा आकडा तर मला स्क्रीनवर नकोच असतो, खुनी पकडला आणि अजून दीड तास बाकी आहे म्हणजे पकडलेला माणूस चुकीचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. (हातातल्या पुस्तकाची जाडी पण हेच सांगते म्हणा, पण ती डोळ्यांसमोर सतत चमकत नाही.)

आणि तो स्पीडचा प्रकार. इंग्रजी ऑडिओबुक साधारण मिनिटाला दीडशे ते एकशे साठ शब्दांच्या चालीने वाचतात, मनातल्या मनात आपण त्याहून बरंच जलद वाचतो, म्हणून लोकांना घाई सुटते आणि १.५ वर ठेवतात. काही अॅपमध्ये तर शांतता आपोआप कापून टाकायची सोय असते. माहितीपर पुस्तकाला ठीक आहे. पण इथे "तिने दार ढकललं" आणि "आत कोणीच नव्हतं" यांच्या मधे जी जागा आहे ना, त्या जागेसाठीच आपण हे पुस्तक घेतलेलं असतं! चांगले ध्वनिमुद्रक तर ती जागा निखळ रिकामीही सोडत नाहीत, बंद स्टुडिओचा जो बारीकसा स्वतःचा आवाज असतो तो तिथे ठेवतात, कारण पूर्ण शून्य आलं की कानाला वाटतं फाइल बंद पडली. इतक्या मेहनतीने ठेवलेली शांतता अॅप कापून टाकतं आणि वर सांगतं की तुमचा अमुक वेळ वाचला.

तर माझी मागणी साधी आहे. गॉथिक किंवा कुठल्याही रहस्य-ऑडिओबुकबद्दल लिहाल तेव्हा कथानक निम्मं करा हवं तर (तसंही फार सांगून टाकता तुम्ही, राग मानू नका) आणि त्या जागी ही माहिती द्या की पुस्तक पूर्ण आहे की संक्षिप्त, कारण संक्षिप्त करताना नेमका सुगावाच कापला गेलेला असू शकतो. एकाने वाचलंय की अनेकांनी, मागे संगीत सतत आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचणाऱ्याने गुपित सांभाळलंय का. शेवटच्या गोष्टीसाठी परीक्षकाने पुस्तक संपल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा एकदा ऐकावं, तिथेच सगळं कळतं. कोणाचा आवाज कुठे घसरला ते बिनधास्त लिहा, आणि कोणी नऊ तास स्वतःला आवरून धरलं असेल तर तेही लिहा, त्या लोकांना कोणी टाळ्या वाजवत नाही.

आणि परीक्षण लिहिणाऱ्याने ते १.५ च्या स्पीडवर ऐकलं असेल तर तेवढं खाली नमूद करावं, म्हणजे आम्ही त्या हिशेबाने वाचू.

कळावे,
पुस्तकांचं पान आधी उघडणारी एक वाचक