कान पकडला, पण सिगारेट एकट्या कानाने सुटली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कानावरचे बिंदू दाबून 'एकाच बैठकीत' धूम्रपान सुटते, असे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मी बावीस वर्षे सिगारेट ओढली आणि हा उपायही करून पाहिला, म्हणून लिहितो.

मोहरीएवढे काळे बी, त्यावर चिकटपट्टीचा चौकोनी तुकडा. माझ्या डाव्या कानात अशा चार बिया लावल्या होत्या. एक वरच्या खळग्यात, 'शेनमेन' नावाच्या बिंदूवर, आणि दोन कानाच्या भोकाजवळच्या वाटीत, फुप्फुसाच्या म्हणतात त्या जागी. चौथीची जागा आता आठवत नाही. तलफ आली की बी चिमटीत धरून दुखेपर्यंत दाबायचे. तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. दिवसभर माझा हात कानालाच. सहकाऱ्याने विचारले तेव्हा म्हणालो, "कान पकडलाय, आता परत नाही!"

तलफेचा जोर काही मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ बोटांना काम मिळाले, हा फायदा मी नाकारणार नाही. पण कानावरचा कोणता बिंदू शरीराच्या कोणत्या भागाचा, हे दाखवणारा कानाचा नकाशा लेखकाने 'हजारो वर्षांचा' म्हटला आहे, ते पटत नाही. कानात उलटे अर्भक कल्पून आजचा नकाशा मांडला तो फ्रान्सच्या ल्यों शहरातील डॉक्टर पॉल नोजिए यांनी, १९५० च्या दशकात. व्यसनासाठी त्याचा वापर तर त्याहून अलीकडचा: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये डॉ. वेन यांना कानात टोचलेल्या ॲक्युपंक्चरच्या सुयांवर वीजप्रवाह दिल्यावर अफूच्या रुग्णांचा त्रास कमी झालेला दिसला.

आणि परिणाम? वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात कानावर सतत दाब ठेवणाऱ्या प्रयोगांत सुरुवातीला थोडा लाभ दिसतो, पण सहा महिन्यांनंतर तो टिकल्याचा भरवशाचा पुरावा नाही. निकोटिनच्या पट्ट्या-गोळ्यांपुढे ॲक्युपंक्चर कमीच पडते. आपल्या लेखात या गोळ्यांचा साधा उल्लेखही नाही.

इथे माझीही चूक कबूल करतो. त्या काळात माझ्या खिशात निकोटिनचे च्युइंगम असे, डॉक्टरांनी दिलेले. ते मी जवळजवळ तीन महिने चघळले. बिया मात्र दहाव्या दिवशी अंघोळीत निघून गेल्या आणि माझ्या लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तरीही मित्रांना सांगताना मी कानाचीच गोष्ट रंगवत राहिलो. च्युइंगमच्या गोष्टीत मजा नसते ना. माझे ऐकून एकाने नुसत्या बिया लावल्या. आठवड्यात तो पुन्हा ओढू लागला, वर 'माझ्यातच जिद्द नाही' असे स्वतःलाच दोष देऊ लागला.

पुढच्या पुरवणीत निकोटिनच्या गोळ्या आणि समुपदेशन यांनाही तेवढीच जागा द्यावी, ही विनंती. कानाचा फोटो पुन्हा छापलात तरी हरकत नाही.

आपला,
एक वाचक